अंजूच्या नावाने हजर

आर्णीच्या बसस्टँडमागे सुनील राठोडचं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान होतं. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पीकविमा, शिष्यवृत्ती, सरकारला माणसाकडून जे जे लिहून हवं असतं ते ते सुनील लिहून देई. पंधरा वर्षं हेच केल्यामुळे त्याच्या मनाला एक वळण पडलं होतं. रकान्यात बसतं ते खरं, आणि पडद्यावर उमटतं ते घडलेलं. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला मतं होती, आणि ती ऐकायला गिऱ्हाईक रोज आयतं समोर बसलेलं असे. सर्व्हर बंद पडला की गिऱ्हाईक उठूनही जाऊ शकत नसे.

त्यातलं सगळ्यांत मोठं मत शाळेबद्दल होतं. सातवीत असताना गणिताच्या मास्तरांनी त्याला फळ्यापुढे उभं करून अख्खा तास एकच भागाकार करायला लावला होता. भागाकार काही सुटला नाही, पण वर्ग पोट धरून हसला. सुनीलचं लग्न झालं, पोरगी झाली, दुकानाला काचेचं दार लागलं, तरी कुठे भागाकार दिसला की त्याला ते हसणं ऐकू येई. म्हणून त्याची अंजू, चौथीतली, एक दिवस तांड्यावरच्या शाळेतून रडत आली आणि फळ्यावर उदाहरण चुकल्यावर पोरं हसली म्हणून सांगू लागली, तेव्हा निर्णय व्हायला चहाचा एक कप पुरला. उद्यापासून शाळा बंद. मूल घरीच शिकेल.

बायकोनं, बबितानं, शिकवणार कोण म्हणून विचारलं. सुनील म्हणाला, घर शिकवेल. घर म्हणजे बबिता, तिची सासू लालीबाई, तीन शेळ्या आणि सुनीलचे वडील खेमसिंग. खेमसिंग जिनिंगच्या काट्यावर बत्तीस वर्षं मापारी होते. जिनिंगच्या मशिनींनी कापसातली सरकी काढावी तसे त्यांच्या कानातले आवाज एकेक करून काढून घेतले होते. त्यांना काही सांगायचं तर गळा फाडावा लागे. म्हणून घरानं काही खुणा ठरवून घेतल्या होत्या. तोंडाकडे हात नेला की जेवण, तळहातावर बोट ठेवलं की गोळी. एवढ्यात सगळं भागत असे. अंजूची शाळा बंद झाल्याची खूण कोणाला सुचली नाही, त्यामुळे ती त्यांना कोणी सांगितलीही नाही.

गणितासाठी सुनीलनं एक वर्ग शोधून काढला. नाशिकच्या विमलताई नावाच्या शिक्षिका तो चालवत. घरी शिकणारी नऊ ते बारा वर्षांची अकरा मुलं, सोमवार ते शुक्रवार, अकरा ते बारा. चेहरा नाही, आवाज नाही. फोनवरच्या ग्रुपात ताई प्रश्न लिहिणार, मुलांनी उत्तर लिहायचं, बरोबर आलं तर ताईंचा अंगठा. हा वर्ग निवडण्याचं खरं कारण असं होतं की त्यांच्या हरसिंग तांड्यावर नेटवर्क फक्त लिंबाच्या झाडाखाली येई, आणि तिथेही व्हिडिओ लावला तर नुसतं गोल फिरणारं चक्र दिसे. अक्षरं तेवढी पोचत. पण नाइलाजाला तत्त्वाचे कपडे घालणं सुनीलला चांगलं जमायचं. तो गिऱ्हाइकांना सांगू लागला, चेहरा नाही म्हणजे धाक नाही. आवाज नाही म्हणजे हसणं नाही. मूल आणि गणित, मधे कोणी नाही.

पालक म्हणून तोही त्या ग्रुपात होता, वाचण्यापुरता. रोज दुकान बंद करायच्या आधी तो दिवसभराचं बोलणं वाचून काढी. पहिला आठवडा अंजूचं उत्तर क्वचित आणि एका शब्दात येई. दुसऱ्या आठवड्यापासून पोरगी अशी काही उमलली की सुनीलचा ऊर भरून आला. आठ महिन्यांत एक खाडा नाही. बरोबर अकराला 'अंजू हजर.' मग प्रश्नांची उत्तरं, नाशिक-साताऱ्याच्या पोरांना कोडी, त्यांच्या चुका समजावून सांगणं. एकदा तिनं लिहिलं, कापसाची भरलेली गाडी नुसती पाहून मी वजन सांगते, दहा किलोच्या वर फरक पडत नाही. सुनीलनं ती कल्पनाशक्ती मानली. एकदा लिहिलं, आज गुडघा दुखतो आहे, उत्तराला उशीर झाला तर माफ करा. सुनीलनं येताना कॅल्शियमची बाटली आणली आणि पोरीला रोज दोन चमचे द्यायला बबिताला बजावलं. बाटली नियमानं संपत गेली. पोरीचा गुडघाही पुढे दुखला नाही.

घरी आल्यावर तो अंजूला विचारी, आवडलं ना आज? ती म्हणे, हाव. एवढ्यावर पालकसभा संपे.

अशा बापाला कोणी बोलावलं नसतं तरच नवल. पुसदला घरी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांचा मेळावा होता, रविवारी. सुनीलला विषय दिला होता: 'केवळ मजकुरातून गणित, मूल रमतं का?' सुनीलनं पडद्यावर पहिल्याच पानावर 'रमतं' असं लिहून उत्तर देऊन टाकलं आणि उरलेली चाळीस मिनिटं पुरावे दाखवले. त्यानं अंजूचे संदेश छापून नेले होते. त्यातला सगळ्यांत लाडका त्यानं शेवटी राखून ठेवला होता. विमलताईंनी विचारलं होतं, साडेतीन किलोची एक पिशवी, अशा सतरा पिशव्यांचं वजन किती? बाकीची मुलं कागद शोधत होती तोवर अंजूचं उत्तर: साडेएकोणसाठ. ताई, हे औटकीत येते.

"औटकी," सुनील म्हणाला आणि थोडा थांबला. थांबावं कुठे हे त्याला कळत असे. "हा शब्द कुठल्याही पुस्तकात नाही. हा माझ्या मुलीनं घडवला आहे. शिक्षकाचा आवाज मधे नसला की मूल स्वतःची परिभाषा तयार करतं, ती अशी."

टाळ्या झाल्या. मग तिसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या. मथुराबाई, मारेगावच्या, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, घरी शिकणाऱ्या नातवासोबत आलेल्या. त्यांनी पदर सारखा केला.

"सर, औटकी तुमच्या पोरीनं बनवली म्हणता?"

"हो."

"मंग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, हे बी तिनंच बनवलं असंल."

पाठच्या ओळीत दोन म्हातारे खुदकन हसले. मथुराबाई हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं की औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. त्यांच्या लहानपणी चौथीच्या आत पाठ करून घेत. मग किलो-मीटर आले, दशांश आले, आणि हे पाढे गेले. शाळेत ते शिकवणं बंद होऊन साठ वर्षं तरी झाली असतील. "पोरगी किती वर्षाची तुमची?"

"दहा."

"घरी म्हातारं कोण हाये?"

सुनीलनं सांगितलं, वडील आहेत. पण त्यांना ऐकू येत नाही.

"ऐकू येत नाही," मथुराबाई खाली बसता बसता म्हणाल्या, "लिहिता तं येते ना?"

आता मात्र सगळा हॉल हसला. त्या हसण्यात वाकडं काही नव्हतं, लोकांना मजा वाटली होती. सुनीलला मात्र त्यात सातवीचा वर्ग जसाच्या तसा ऐकू आला. आभार मानताना आयोजकांनी जाहीर करून टाकलं की पुढच्या मेळाव्याला सुनीलभाऊंनी अंजूलाच आणावं, मुलांसमोर औटकी म्हणून दाखवायला.

परतीच्या एसटीत त्याला खिडकीची जागा मिळाली. दिग्रस येईपर्यंत तो बाहेर बघत राहिला. मग फोन काढला आणि आठ महिन्यांचं बोलणं पहिल्यापासून वाचायला घेतलं. ज्या गोष्टीचं तो सगळ्यांना कौतुक सांगत आला होता तीच आता समोर होती. बोललेलं उडून जातं, लिहिलेलं राहतं. सगळं राहिलं होतं. दहा वर्षांची पोरगी लिहीत होती, 'आमच्या वेळेस मण चाळीस शेराचा होता.' पोरगी साताऱ्याच्या मुलाला धीर देत होती, 'चुकलं तर चुकू दे बाळा, काटा बी कधी कधी चुकते, पुन्हा तोलायचं.' बाळा. अकरा वर्षांच्या मुलाला. हे वाक्य सुनीलनं स्वतः पुसदला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

आणखी एक होतं. ताईंनी विचारलं होतं, घरी गणितात कोण मदत करतं? अंजूनं लिहिलं होतं, 'पप्पा लई हुशार आहेत.' एवढंच सुनीलनं छापून नेलं होतं. पुढची ओळ वेगळ्या संदेशात होती, ती त्यानं तेव्हा नीट वाचलीच नव्हती. 'पण ते दुकानात असतात. घरी आले तरी दुकानातच असतात.'

तरी मन मानेना. दुसऱ्या कोणाच्या विरुद्ध पुरावा गोळा करताना माणूस जितका उत्साही असतो तितका तो स्वतःच्या विरुद्ध नसतो. त्या संध्याकाळी तो घरी कोणाला काही बोलला नाही. अंजूला विचारलं, उद्या वर्ग आहे ना? ती म्हणाली, हाव.

सोमवारी तो नेहमीसारखा साडेनऊला निघाला, दुकान उघडलं, एका म्हाताऱ्याचा अर्ज अर्धा भरला, सर्व्हर चालू असताना बंद आहे म्हणून सांगितलं आणि गाडी काढून तांड्यावर परत आला. अकरा वाजून गेले होते. लिंबाखाली खाटेवर खेमसिंग बसले होते. चष्मा नाकावर, फोन डाव्या हातात, उजव्या हाताचं एक बोट वर धरलेलं, कोंबडी दाणा टिपायच्या आधी थांबते तसं. मोटरसायकलचा आवाज त्यांना आला नाही. सुनील त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.

पडद्यावर प्रश्न होता. पाण्याची टाकी, दोन नळ, एक भरतो आणि एक रिकामी करतो. नाशिकची मुलगी लिहीत होती, अंजू तू सांग ना, तू सांगितलं की कळतं. खेमसिंगांचं बोट खाली उतरलं. एक अक्षर. मग दुसरं. 'आधी असं समज की दुसरा नळ नाहीच.' मग विचार. मग पुढचं. मधेच एका पोरानं काहीतरी चावट लिहिलं आणि खेमसिंग हसले, आवाज न करता, खांदे हलवून. सुनीलनं बापाला हसताना शेवटचं कधी पाहिलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही.

दहा मिनिटं तो तसाच उभा होता. मग त्यानं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. खेमसिंगांनी मान वळवली, मुलाला पाहिलं, दचकले नाहीत. त्यांनी तळहात वर केला.

"थांब. प्रश्न चालू हाये."

सुनील थांबला. चाळीस वर्षांचा माणूस स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या पैशानं घेतलेल्या फोनसमोर, स्वतःच्या पोरीच्या नावानं चाललेला प्रश्न संपायची वाट बघत उभा राहिला. घरातून लालीबाई बाहेर आल्या. त्यांनी मुलाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, आला का, मंग चहा ठेवतो. जणू आठ महिने त्या याच चहाचं पाणी मोजून बसल्या होत्या.

"अंजू कुठाय, याडी?" त्यानं आईला विचारलं.

"कुठं असंल? शाळेत."

बबिता दारात आली होती. तिनं काही लपवायचा प्रयत्न केला नाही, त्यामुळे सुनीलला रागावताही नीट आलं नाही. तिनं सांगितलं ते असं. पहिला आठवडा पोरगी फोन घेऊन लिंबाखाली बसे आणि रडे. मग फोन खाटेवर टाकून शेळ्यांकडे निघून जाई. एक दिवस मामाजींनी, म्हणजे खेमसिंगांनी, तो फोन बंद करायला उचलला. त्यांना तो बंद करता आला नाही, पण त्यावर सतरा पिशव्या दिसल्या. दुसऱ्या दिवशी अंजूनं दप्तर शोधलं. त्यानंतर रोज सुनीलची गाडी रस्त्याला लागली की पोरगी शाळेला जाई आणि गाडी यायच्या दोन तास आधी घरी असे. कॅल्शियम मामाजी पीत होते.

"म्हणजे सगळ्या तांड्याला माहीत होतं," सुनील म्हणाला.

"सगळ्याले नसंल," बबिता म्हणाली. "पलीकडची सुखीबाई चार महिने पोरीकडं बारामतीले गेलती."

"आणि मला सांगावं असं एकालाही वाटलं नाही."

"तुमी खूश होते. पोरगी खूश होती. मामाजी खूश होते. मी कायले बोलू?"

सुनील बापाच्या समोर जाऊन बसला. ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यानं खिशातून आपला फोन काढला, त्यावर लिहिलं आणि पडदा बापाच्या समोर धरला. 'मला का नाही सांगितलं?'

खेमसिंगांनी वाचलं. फोन हातात घेतला. बोट वर केलं. त्यांना वेळ लागत होता, आणि लागतो तितका वेळ घ्यायची त्यांना आता सवय झाली होती. मधे चहा आला आणि निवला. मग त्यांनी फोन परत दिला. 'तू कुठं विचारतो. तू सांगतो.'

मग ते तोंडानंही बोलले, नेहमीसारखं सगळ्या तांड्याला ऐकू जाईल असं. "मले याच्यात सारं ऐकू येते, सुनील. लेकरं बोलतात, मी वाचतो. कोणी ओरडत नाही. कोणी हातवारे करत नाही. मले विचारतात." थांबून त्यांनी विचारलं, "मले तुमच्यापैकी कोणी शेवटची गोष्ट कधी विचारली? जेवला का, हे सोडून."

शेजारच्या घरात भांडी घासायचा आवाज थांबला. सुनील उठला आणि शाळेकडे चालत निघाला.

शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक हातपंप. खिडकीतून त्याला अंजू दिसली. ती फळ्यापाशी उभी होती. उदाहरण चुकलं होतं, ते खिडकीतूनही कळत होतं, कारण वर्ग हसत होता. सुनीलचा हात खिडकीच्या गजावर घट्ट झाला. तेवढ्यात अंजू स्वतःच हसायला लागली, एका पोराच्या वहीत डोकावली, त्याला कोपरानं बाजूला सारलं, पुन्हा फळ्याशी गेली आणि पुसून परत लिहू लागली. त्या पोराची वहीही चुकलेली होती. आता दोघांनाही हसू आवरेना.

शिक्षक, संघर्ष भगत, बाहेर आले. तिशीतला माणूस, शर्टच्या खिशात तीन पेनं. म्हणाले, या भाऊ, लई वाट पाह्यली तुमची. सुनीलनं विचारलं, माझी मुलगी तुमच्या शाळेत कशी? मी तिचा शाळा सोडल्याचा दाखला मागितला होता.

"तोंडी मागतला होता," भगत सर म्हणाले. "दाखल्याले लेखी अर्ज लागते, भाऊ. तुमीच तं सांगता लोकाले, अर्जाशिवाय काही होत नाही."

तालुक्यातल्या निम्म्या लोकांचे अर्ज भरणाऱ्या माणसानं स्वतःचा अर्ज भरला नव्हता. हे खरं होतं. आपण सांगितलं म्हणजे झालं, असं त्याला वाटलं होतं. हजेरीपटात अंजूचं नाव एक दिवसही कमी झालं नव्हतं, आठवडाभर गैरहजर तेवढी होती. भगत सरांनी ते पान उघडून दाखवलं. शाळेत वीस पोरं होती, आणि वीसच्या खाली पट गेला तर शाळा बंद करायचं बोललं जातं तेही त्यांनी सांगितलं. पण त्यासाठी ठेवलं असं समजू नका, असंही म्हणाले. सुनीलनं तसंच समजून घेतलं. त्याला त्या दिवशी कोणाकडून तरी स्वच्छ स्वार्थाची अपेक्षा होती, तेवढाच आधार.

मधल्या सुट्टीत अंजू बाहेर आली आणि बाप दिसल्यावर जागीच थांबली. दोघं हातपंपाच्या ओट्यावर बसले. सुनीलनं विचारायचं ठरवलं होतं. सवय नसल्यामुळे प्रश्न जरा वाकडा निघाला.

"तुले तं इथं हसले होते ना पोरं? रडत आलती तू."

"हाव."

"मंग इथंच काहून आली?"

अंजूनं पंपाचा दांडा एकदा वरखाली केला. "तिथं कोणी हसतच नाही, पप्पा," ती म्हणाली. "चुकलं तं चुकलं. बरोबर आलं तं अंगठा येते. मले कोणाच्या वहीत पाह्यचं होतं. फोनात कोणाची वही नसते."

"मले सांगायचं ना मंग."

"सांगतलं होतं." तिनं दिवस सांगितला, वार सांगितला. सुनील जेवत होता आणि फोनवर कोणाला तरी लिहून चालणाऱ्या वर्गाचे फायदे सांगत होता. ती म्हणाली होती, पप्पा मले नाही आवडत. त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता आणि फोनवर म्हणाला होता, बघा, पोरगीही इथंच आहे, तिलाच विचारा.

तो दिवस त्याला आठवला. हात फिरवल्याचंही आठवलं. ती काय म्हणाली ते आठवलं नाही, आणि ते लिहून कुठेही राहिलेलं नव्हतं.

दुकानात परत आल्यावर त्यानं विमलताईंना स्वतंत्र संदेश केला. लांबलचक, अर्जासारखा. आमच्या कुटुंबाकडून आपली फसवणूक झाली आहे, विद्यार्थिनीच्या जागी माझे वडील बसत होते, मला कल्पना नव्हती, क्षमस्व, कृपया नाव कमी करावे. ताईंचं उत्तर दहा मिनिटांत आलं. त्यांनी लिहिलं होतं, मला दुसऱ्या आठवड्यातच कळलं होतं. दहा वर्षांची मुलगी दुसऱ्या मुलाला बाळा म्हणत नाही. पण तुमच्या वडिलांच्या प्रश्नांवर बाकीची मुलं लिहायला लागली. त्याआधी निम्मा वर्ग नुसता 'हजर' लिहून गप्प बसायचा. मी तुम्हालाही एकदा हळूच विचारलं होतं, अंजू घरी काय काय करते? तुम्ही तीन पानं उत्तर पाठवलंत. मला वाटलं, यांना माहीत आहे.

सुनीलनं ती तीन पानं शोधून वाचली. चांगली लिहिली होती.

म्हणजे बायकोला माहीत होतं, आईला, शिक्षकाला, तांड्याला, नाशिकला. फसवायला एक पूर्ण व्यवस्था उभी राहिली होती आणि तिच्यात पैसे खाणारं कोणी नव्हतं. अशा व्यवस्थेविरुद्ध तक्रार करायचा रकाना त्याच्या माहितीत कुठल्याच संकेतस्थळावर नव्हता. पुसदच्या ग्रुपावर आयोजकांचा संदेश येऊन पडला होता: पुढच्या मेळाव्याला अंजू नक्की ना? सुनीलनं दोन वेळा काहीतरी लिहिलं आणि पुसलं. तिसऱ्यांदा लिहिलं, 'अंजूला शाळा असते.' आणि पाठवून दिलं. बघता बघता त्यावर सात जणांनी हसरे चेहरे टाकले. त्यांना तो विनोद वाटला.

मंगळवारी सुनील नेहमीच्या वेळेला निघाला नव्हता. सव्वादहाला अंजू दप्तर पाठीला लावून दारात उभी राहिली. आठ महिन्यांत पहिल्यांदा बापाच्या समोर. ती पुढेही जाईना आणि आतही येईना. बबिता चुलीपाशी बसून उगाच भाकरी थापत होती. सुनीलनं बूट घालायला घेतले.

"शाळा कितीची असते?"

"साडेदहाची."

"मंग उशीर काहून करून राह्यली?"

ती पळाली. लिंबाखाली खेमसिंग खाटेवर बसले होते, पण हात मोकळे. फोन त्यांनी सकाळीच पुसून, गुंडाळून, सुनीलच्या दुकानाच्या पिशवीत ठेवून दिला होता. चोरीचा माल परत करतात तसा. सुनीलनं पिशवी उघडली, फोन काढला आणि खाटेवर ठेवला. बोललेलं ऐकू गेलंही नसतं. खेमसिंगांनी फोनकडे पाहिलं आणि मुलाकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

दुकानात पोचल्यावर विमलताईंचा आणखी एक संदेश आलेला दिसला. अंजूचं नाव कमी केलं आहे. तुमच्या वडिलांनी वर्गात राहावं अशी मुलांची आणि माझी इच्छा आहे, स्वतःच्या नावानं. त्यासाठी नव्यानं नोंदणी करावी लागेल. सोबत दुवा होता.

सुनीलनं दुवा उघडला. बाहेर दोन गिऱ्हाइकं थांबली होती, त्यांना त्यानं सर्व्हर बंद आहे म्हणून सांगितलं. विद्यार्थ्याचे नाव: खेमसिंग राठोड. वयाच्या रकान्यात दोन आकडे बसत होते, बहात्तर बसले. इयत्ता: चौथी उत्तीर्ण. विद्यार्थ्याच्या आवडीनिवडी. इथे सुनीलचं बोट थांबलं. अंजूच्या वेळी त्यानं हा रकाना न थांबता भरला होता, एका दमात, जागा संपेपर्यंत. आता बराच वेळ विचार करून त्यानं लिहिलं, 'विचारून कळवतो.'

खाली शेवटचा रकाना होता. पालकाचे नाव: सुनील खेमसिंग राठोड. पालकाचे विद्यार्थ्याशी नाते. त्यानं बाण दाबला. यादी उघडली. आई, वडील, आजी, आजोबा, इतर. त्यानं यादी खालून वर आणि वरून खाली पाहिली. मुलगा असा पर्याय कोणी ठेवला नव्हता. कोणाला लागेल असं वाटलं नसणार.

अकराला पाच मिनिटं कमी होती. सुनीलनं 'इतर' निवडलं आणि अर्ज पाठवून दिला.